पुलाच्या वर बंद, पुलाच्या खाली चालू

लग्न ठरलं तेव्हा ह्यांच्याकडच्या मंडळींनी आम्हाला सगळं सांगितलं होतं. मुलगा बँकेत आहे, उज्जैनला माधव नगरमध्ये स्वतःचं घर आहे, पूर्वज कुणा सरदाराच्या दफ्तरात कारकुनी करायला दक्षिणेतून आले आणि क्षिप्राकाठचेच होऊन गेले, मुलाला कसलं व्यसन नाही. एवढंच सांगायचं राहून गेलं की मुलगा दर रविवारी मासे पकडायला जातो. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी हे सकाळी लवकर स्कूटर काढून निघून गेले. मला वाटलं, बँकेत जादा काम असेल. दुपारी परत आले ते गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आणि रिकाम्या हाताने.

घर पूर्ण शाकाहारी. मग पकडलेल्या माशांचं करता काय, असं मी विचारलं. "सोडून देतो," म्हणाले. मग पकडता कशाला? हा प्रश्न मी चाळीस वर्षं विचारते आहे. त्यावरची ह्यांची उत्तरं वयाप्रमाणे बदलत गेली, पण मला पटेल असं एकही अजून मिळालेलं नाही.

मी रतलामची, रेल्वेतल्या माणसाची मुलगी. इथे आल्यावर एका शाळेत भूगोल शिकवायला लागले आणि निवृत्त होईपर्यंत तोच शिकवला. भूगोलाचं मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे माझी जी फजिती झाली ती किती मोठी होती हे त्याशिवाय कळायचं नाही.

उज्जैनला घाटावरच्या माशांना कुणी धक्का लावत नाही. लोक लांबून लांबून येतात, कणकेच्या गोळ्या पाण्यात टाकतात आणि मासे तोंडं वर काढून गर्दी करतात. दर सोमवारी दर्शन झालं की मीही घाटावर उतरते आणि घरून वळून नेलेल्या गोळ्या त्यांना घालते. ह्यांच्या आमिषालाही कणीकच लागते. तीत भाजलेलं बेसन, मेथीची पूड आणि साजूक तूप घालून हे ती असली मन लावून मळतात की पोळ्यांची कणीक कधी तशी मळली गेली नाही. आमची पहिली भांडणं ह्या तुपावरून झाली. रविवारी ज्या डब्यातल्या पिठाने हे माशांना फसवत, त्याच डब्यातल्या पिठाने सोमवारी मी माशांची माफी मागत असे, आणि असा आमचा संसार छान चालला होता.

वर्षातले दोन महिने मात्र ही फसवणूक बंद. मध्य प्रदेशात जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मासेमारीला मनाई असते. पावसाचं नवं पाणी आलं की रोहू, कतला अंडी घालतात, म्हणून त्यांना सुखाने घालू द्यायची. हे तर त्या दिवसांत गळाच्या काठीला हातसुद्धा लावत नसत. भैरवगढच्या एका जुन्या छापील चादरीत ती गुंडाळून कपाटावर ठेवून देत आणि मग दोन महिने माझ्या पायात पायात येत. डाळीला फोडणी कधी द्यावी, पडदे कसे धुवावेत, सगळ्याबद्दल ह्यांना मतं फुटत. मला माहेरच्या सणवारांपेक्षा ह्या बंदीच्या तारखा जास्त पाठ झाल्या. पावसात बंद, पाऊस सरला की चालू. ऑगस्टचा मध्य आला की मी मनातल्या मनात सुस्कारा सोडायचे.

ह्या रिकामपणात ह्यांनी आणखी एक उद्योग लावून घेतला. शेजारच्या आणि पुढेपुढे लांबच्याही राज्यांमध्ये काय नियम आहेत ते गोळा करायचे. आधी पत्रं लिहून, पुढे इंटरनेटवरून. त्याचा एक मोठा तक्ता करून तो आपल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. चंबळेच्या धरणांचं पाणी आपल्याकडेही आहे आणि राजस्थानातही. बंदी दोन्हीकडे पावसातच, पण तारखा आणि अटी ज्याच्या त्याच्या. जेवायला बसलं की हे सुरू व्हायचे. "मासा सकाळी इकडे राहतो, दुपारी तिकडे. त्याला कोण सांगून राहिलंय की आता तू चालू आणि आता तू बंद?" मी म्हणायचे, "पोळी घ्या." तो तक्ता मी कधी वाचला नाही. त्या कपाटात गळ असत, आणि आपल्या पायांनी गळांच्या कपाटापाशी जायचं नाही हा माझा नियम होता.

पाऊस स्थिरावला की तलावांमध्ये माशांचं बीज सोडतात. बीज म्हणजे बोटाएवढी पिल्लं. गावाबाहेरचा जो तलाव ह्यांचा ठरलेला, तो मच्छीमारांच्या समितीकडे आहे. त्यांच्या परवानगीने हे तिथे बसत आणि त्याची परतफेड म्हणून बीज सोडायच्या दिवशी मदतीला जात. पिल्लं फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून येतात. त्या पिशव्या आधी तशाच बंद तलावात तरंगत ठेवायच्या. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं झालं की मगच गाठ सोडायची, घाई केली तर पिल्लं दगावतात. हे पाण्यात उभे राहून तासभर त्या पिशव्या सांभाळायचे. आमच्या मुलीच्या बारशाला हे इतके शांतपणे एका जागी उभे राहिल्याचं मला आठवत नाही.

आता ट्राउटबद्दल. तरुणपणी बँकेने ह्यांना कसल्याशा प्रशिक्षणाला हिमाचलात पाठवलं होतं. एका सुट्टीच्या दिवशी हे एका पुलावर उभे राहून खाली बघत होते. पाणी काचेसारखं, आणि त्यात एक तपकिरी मासा प्रवाहाकडे तोंड करून एका जागी उभा. अंगावर लाल ठिपके. तो ट्राउट. माळव्यातल्या तलावाचं पाणी चहाच्या रंगाचं, मासा गळाला लागून वर येईपर्यंत तो आहे की नाही हेसुद्धा कळत नाही. "मासा पाण्यात दिसतो हेच मला ठाऊक नव्हतं," असं हे त्यावर म्हणतात. चाळीस वर्षांत ही गोष्ट मी किती वेळा ऐकली त्याला हिशेब नाही. गोष्टीचा शेवट ठरलेला: एकदा जायचं, एक ट्राउट स्वतःच्या हाताने पकडायचा, हातात धरून बघायचा आणि सोडून द्यायचा. मग मुलीचं शिक्षण निघालं, सासूबाईंचं आजारपण निघालं, माझे गुडघे निघाले. जायचं राहिलं ते राहिलं.

दोन वर्षांपूर्वी हे रविवारी घरीच थांबायला लागले. एकदा म्हणाले, वारा फार आहे. एकदा म्हणाले, पाणी उतरलंय. मला आधी बरंच वाटलं. मग एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर हे खिडकीच्या उजेडात गळ धरून बसले होते. गळाच्या भोकातून दोरा ओवायचा होता. उजवा हात थरथरत होता. दोरा भोकाच्या शेजारून जायचा, पुन्हा मागे घ्यायचे, पुन्हा शेजारून. मी दारातूनच परत फिरले. चहा गार झाला म्हणून नवा केला आणि भांडी जरा वाजवत परत आले, तोवर ह्यांनी सगळं आवरून वर्तमानपत्र पुढे धरलं होतं.

फ्रीगंजमधल्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. औषधाने कंप कमी राहील, पण हळूहळू वाढेल. किती हळू, ते माणसागणिक वेगळं. हे रस्त्यात म्हणाले, "चला, तुझं तूप वाचलं." मी हसले नाही. मला ह्यांचा राग आला होता, आणि ज्याने इतक्या वर्षांत आम्हाला एक आठवडा काढू दिला नाही त्या आमच्या आळसाचा त्याहून जास्त आला होता.

त्याच आठवड्यात मी देवास गेटजवळच्या ट्रॅव्हलवाल्याकडे जाऊन दिल्लीची आणि पुढची तिकिटं काढली. कुणाला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? पावसात बंद असतं हे मला चाळीस वर्षं तोंडपाठ होतं. दिवाळी आटोपून नोव्हेंबरच्या मध्याला निघायचं, म्हणजे पाऊस कधीच सरलेला, मासेमारी राजरोस चालू. तिकिटं ह्यांच्या हातात ठेवली. ह्यांनी तारीख पाहिली, पुन्हा पाहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वा. पक्कं काम केलंस." मला वाटलं, गहिवरले आहेत. मी स्वतःवर इतकी खूष होते की त्या आठवड्यात शेजारपाजारच्या सगळ्यांना दोन-दोनदा सांगून झालं. ह्यांनी चादरीतून काठी काढली, पुसली, पुन्हा गुंडाळली आणि बरोबर घेतली.

प्रवासाचं सांगत नाही, तो सगळ्यांचा सारखाच असतो. सेव, पुऱ्या, आणि वरच्या बर्थवर कोण यावरून वाद. डोंगरातलं ते छोटं गाव गाठलं, सामान टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी करून मासेमारीच्या परवान्याच्या कचेरीत गेलो. नदीकाठी एक खोली, तिला एक खिडकी, आणि खिडकीत लोकरी टोपी घातलेला एक पन्नाशीचा माणूस. परवाना देणारा, नदीवर फेरी मारणारा आणि पलीकडच्या ट्राउट फार्मवर राबणारा, असा तिन्ही कामांना तो एकटाच होता हे पुढे कळलं. ह्यांना मी मुद्दाम मागे उभं केलं. म्हटलं, हे माझं काम.

"भैया, ट्राउट का परमिट चाहिए. एक आदमी का," मी म्हणाले.

"ट्राउट तो अब मार्च में खुलेगी, मैडम. पहली नवंबर से बंद है."

मला वाटलं, माणूस चुकतो आहे. मी त्याला शाळेतल्या सुरात समजावलं, की भैया, मनाई पावसात असते, पाऊस तर केव्हाच संपला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वो आपके नीचे के पानी की मछली है, मैडम. रोहू बरसात में अंडा देती है, तो बरसात में बंद. ये ठंडे पानी की है. ये जाड़े में देती है."

तीस वर्षं मी पोरांना शिकवलं होतं की उंची वाढली की तापमान उतरतं, पाणी बदलतं, झाडं बदलतात, प्राणी बदलतात. फळ्यावर डोंगर काढून, पट्टे रंगवून. आणि स्वतः पंधराशे किलोमीटर येऊन माळव्याचं कॅलेंडर डोंगराला लावून बसले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी वळले, ह्यांना कसं सांगावं ते सुचेना.

हे अगदी निवांत उभे होते. "मला ठाऊक होतं," म्हणाले.

"कधीपासून?"

"तिकिटं दाखवलीस ना, तेव्हापासून. अगं, कपाटाच्या दारावर लिहिलंय सगळं. हिमाचल, ट्राउट, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद. काश्मीरचं अजून वेगळं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतकी खूष होऊन राहिली होतीस. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या मासेमारीसाठी काही केलंस. मी काय बोलणार होतो?"

मला ह्यांना मिठी मारावीशी वाटली, पण त्याआधी मी ह्यांना यथेच्छ झापलं. एक शब्द बोलला असतात तर तिकिटं बदलून मिळाली असती, मार्चमध्ये आलो असतो, आता हा काय शहाणपणा, आणि मार्चपर्यंत हाताचं काय होईल कोणाला माहीत. शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मी थांबले. हाताचं असं उघड आम्ही एकमेकांशी बोललोच नव्हतो. हे खाली बघत म्हणाले, "म्हणून तर आलो. मार्चची खात्री नाही. म्हटलं, निदान बघून तरी येऊ."

खिडकीतल्या माणसाला मराठी येत नव्हतं, पण नवराबायकोचं भांडण समजायला भाषा लागत नाही. त्याने घसा खाकरला. म्हणाला, खाली एक पूल आहे. पुलाच्या वरचं, उगमाकडचं पाणी ट्राउटचं, ते बंद. पुलाच्या खालचं पाणी साधं, त्याला पावसाची मनाई, ते आता चालू. हवं तर त्याचा परवाना देतो. "कभी-कभी ट्राउट भी नीचे उतर आती है," तो म्हणाला, "पकड़ी गई तो छोड़ देना." ह्यांचा चेहरा खुलला. एकाच नदीला दोन कॅलेंडरं. हे उज्जैनपर्यंत सगळ्यांना सांगायला पुरणार होतं.

पुलाखाली आम्ही मोठ्या गोल दगडांवर जाऊन बसलो. पाणी एवढं गार की बोट घातलं तर हाडापर्यंत कळ जावी. ह्यांनी चादर सोडली, काठी जोडली, आणि मग गळ आणि दोरा हातात घेऊन बसले. मी दुसरीकडे बघत राहिले. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. शेवटी मीच हात पुढे केला. "द्या इकडे." चाळीस वर्षांत मी गळाला पहिल्यांदा हात लावला. सुईत दोरा ओवते तसा ओवला. गाठ कशी मारायची ते हे सांगत गेले, पाच वेढे, मग टोक मागे, मग थुंकी लावून ओढ. थुंकी लावायला मी साफ नकार दिला, तेवढी ह्यांनी लावली.

गळ फेकणं मात्र अजून झकास जमत होतं. हात थरथरायचा तो फेकायच्या आधी, फेकताना नाही. तास गेला, दोन तास गेले, काही लागलं नाही. तेवढ्यात हे हळूच म्हणाले, "बघ. वर. पुलाच्या सावलीच्या पलीकडे."

मी पाहिलं. आधी नुसते दगड दिसले. मग त्यातले दोन दगड किंचित हलले. तपकिरी अंग, ठिपके, तोंडं वरच्या अंगाला, आणि शेपट्या हलवत दोघं एका जागी उभे. पाणी अंगावरून वाहून जात होतं आणि ते जागचे हलत नव्हते. घाटावरच्या माझ्या माशांची नुसती तोंडं मी पाहिली होती. अख्खा मासा आपल्या घरात, आपल्या कामात असलेला मी पहिल्यांदा पाहिला. ते पुलाच्या वर होते, फार तर दहा पावलांवर.

आमचा टॅक्सीवाला, चांगला मिशाळ पोक्त माणूस, दगडावर ऊन खात बसला होता. त्यालाही ते दिसले. "साहब, दस कदम ऊपर से डाल दो," तो म्हणाला. "कौन देख रहा है."

ह्यांची काठी हातात, नजर त्या दोघांवर. त्या दहा पावलांमध्ये ह्यांची चाळीस वर्षं होती हे मला दिसत होतं. आणि खरं सांगते, मी, जिने वर्गात पुढे बघून लिहिणाऱ्या पोरांना कधी माफ केलं नाही, त्या मी म्हटलं, "टाका ना. एकदाच. हातात घ्या आणि सोडा. कोणाचं काय जातंय?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अगं, त्यातली एक पोटुशी आहे," म्हणाले. "बघ ना, केवढी जड झालीय."

आणि चरखी फिरवून दोरा आत घ्यायला लागले. मला रडू आलं, ते मी थंडीवर ढकललं.

मागे पाहिलं तर लोकरी टोपीवाला पुलावर कठड्याला टेकून उभा होता. फेरीवर आला होता म्हणे. किती वेळ उभा होता, काय काय ऐकलं, त्याने सांगितलं नाही. टॅक्सीवाल्याने एकदम डोंगरात लक्ष घातलं. तो माणूस खाली उतरून आला, परवाना बघितला न बघितल्यासारखा केला, आणि ह्यांना म्हणाला, "बाबूजी, कल सुबह फार्म पे आ जाओ. कल हम अंडा निकाल रहे हैं."

सकाळी आम्ही ह्यांच्या सगळ्या स्वेटरांसकट फार्मवर हजर. सिमेंटच्या लांब हौदांमधून नदीचं पाणी खळाळत होतं आणि त्यात मोठाले ट्राउट. त्याने पद्धत समजावली. इथे नदीत मासे टिकावेत म्हणून दरवर्षी पिल्लं सोडतात, पण पिल्लं मिळवायला वेळ लागतो. ह्यांनी सांगितलं की आमच्याकडे रोहूची अंडी एका दिवसात फुटतात. तो हसला. म्हणाला, इथे दीड-दोन महिने लागतात, गार पाण्यात घाई नसते. मग पिल्लं मोठी करायची, मग नदीत. हे एकेक गोष्ट विचारत होते, पिशव्या तरंगत ठेवता का, पाणी किती वेळ जुळवता, आणि तो उत्तरं देत होता. एकाच कामातली दोन माणसं भेटल्यावर जसं होतं तसं चाललं होतं. मी हात बगलेत घालून उभी होते.

त्याने एक मादी ओल्या फडक्यात धरली. पोटावरून अंगठा हलकेच फिरवला, आणि कोरड्या भांड्यात अंडी पडली. मोतीचुराच्या कळ्यांसारखी, केशरी. मग ती मादी त्याने ह्यांच्या पुढे केली. "पकड़ो, बाबूजी. पानी में छोड़ के आओ."

हे क्षणभर मागे सरले. मग दोन्ही हात पुढे केले. ट्राउट ह्यांच्या हातात आला. ह्यांनी हौदापाशी गुडघे टेकले, तिला पाण्यात धरलं, तोंड वाहत्या पाण्याकडे करून, आणि तिला दम येईपर्यंत तशीच धरून ठेवली. हात थरथरत होते. तीही थरथरत होती. मग तिने एक शेपटी मारली आणि गेली. हे तिथेच बसून राहिले, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. मी उठवायला गेले नाही.

तोवर त्याने नराचं पांढरं पाणी त्या अंड्यांवर सोडलं होतं. आता ते मिसळायचं. त्यासाठी चमचा चालत नाही, पक्ष्याचं पीस लागतं. त्याने भांडं ह्यांच्या पुढे ठेवलं आणि पीस ह्यांच्या उजव्या हातात दिलं. ह्यांनी ते परत केलं. सरळ सांगितलं, "भाई, मेरा हाथ काँपता है. नुकसान हो जाएगा."

"जितना काँपता है उतना ही हिलाना होता है, बाबूजी," तो म्हणाला. "ज़ोर वाले हाथ को हम ये काम नहीं देते. अंडा दब जाता है."

ते खरंच तसं असतं की त्याने आमचं मन राखायला म्हटलं, मला आजही माहीत नाही, आणि मी शोधायलाही गेले नाही. ह्यांनी पीस घेतलं. भांड्यात टेकवलं. हात आपला आपणच हलत होता, आणि पीस अंड्यांमधून फिरत होतं, हळू, बारीक बारीक. एकही अंडं फुटलं नाही. ह्यांनी तो हात थांबवायचा प्रयत्न केला नाही. वर्षभरात मी तो पहिल्यांदाच असा मोकळा सोडलेला पाहिला. नाहीतर तो कायम खिशात, नाहीतर दुसऱ्या हाताखाली.

उज्जैनला परतल्यावर हाताच्या व्यायामासाठी एका बाईंकडे जायला लागलो. बाई कसल्या, आमच्या मुलीहून लहान. पहिल्या दिवशी तिने फॉर्म काढला आणि विचारायला सुरुवात केली. या हाताने बटण लागतं का? लागत नाही. कप धरता येतो? अर्धा भरलेला असेल तर. सही? बँक ओळखत नाही आता, हे म्हणाले. एकेका प्रश्नाला ती काट मारत होती आणि हे खुर्चीत लहान होत चालले होते. मी मध्येच तिला थांबवणार होते. तेवढ्यात तिने पान उलटलं.

"और अंकल, इस हाथ से कौन सा काम अच्छे से हो जाता है?"

हे ताठ बसले. "ट्राउट के अंडे मिलाता हूँ," म्हणाले.

तिचं पेन थांबलं. तिने सावकाश माझ्याकडे पाहिलं, डोळ्यांनीच विचारलं की ह्यांचं डोकंही बिघडलंय का. मी म्हटलं, "लिखो बेटा. बहुत अच्छा मिलाते हैं."

तिने लिहिलं. त्या पानावर तेवढीच एक ओळ होती.